फोन चालू, म्हणजे ड्युटी चालू

न्यू जर्सीत टेटरबरोहून चार्टर, म्हणजे भाड्यानं घेतलेली विमानं उडवतो म्हटलं की काका म्हणतात, "मजा आहे बुवा तुझी!" मजा कसली, शेठची मीटिंग संपेपर्यंत आम्ही टर्मिनलच्या सोफ्यावर.

आम्हाला लागू पार्ट १३५, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाचा (एफएए) चार्टर उड्डाणांसाठीचा नियम. दोन वैमानिक असले तर २४ तासांत १० तास उड्डाण, एकटा असेल तर ८. त्याच २४ तासांत सलग १० तास विश्रांती. मोठ्या एअरलाइन्सना २०१४ पासून पार्ट ११७ आहे, त्यात पहाटेच्या ड्युटीला तास कमी होतात. आमच्यात पहाटे तीन आणि सकाळी दहा सारखेच!

खरी मारामारी फोनची. फोन उचलायचं बंधन असेल तर एफएए त्याला विश्रांती मानत नाही. डिस्पॅचरला, म्हणजे ऑफिसातून उड्डाणं ठरवणाऱ्याला, मात्र "फक्त एक मिनिट" हवं असतं. मी सरळ फोन बंद करून झोपतो.