रनिंग वाढवलेली एटीव्ही

नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना एटीव्हीची, म्हणजे वाळूवर पळणाऱ्या जाड टायरच्या चारचाकी बाइकची, फेरी घडवणाऱ्या एका व्यावसायिकाच्या गाड्यांची देखभाल माझ्याकडे आहे. गर्दीच्या एका रविवारी त्यांचा फोन आला. उभी असलेली गाडी पुढचा गिअर टाकताच, एक्सलरेटरला कोणी हात न लावता, पुढे निघाली होती आणि शेजारच्या नारळपाण्याच्या टेबलावर जाऊन आदळली होती. सुदैवाने वर बसलेल्या मुलाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मी पोहोचल्यावर मालक म्हणाले, ‘‘थांबली की बंद पडायची, म्हणून पोराने जरा रनिंग वाढवलं, एवढंच.’’ रनिंग म्हणजे एक्सलरेटर न देता, उभ्या गाडीत इंजिन ज्या वेगाने फिरत राहते तो.

गाडी १५० सीसीची, स्कूटरसारखा बेल्ट आणि सेंट्रिफ्युगल क्लच असलेली होती. अशा गाडीत इंजिनाचे फेरे वाढले की क्लचचे शू (घर्षणाच्या पट्ट्या) बाहेर फेकले जाऊन भोवतीच्या ड्रमला धरतात आणि गाडी निघते; चालवणाऱ्याच्या हाती क्लचचा लिव्हर नसतो. हाताने क्लच दाबायच्या मोटोक्रॉस बाइकवर रनिंग थोडे चढे ठेवणे ही चालवणाऱ्याची आवड म्हणता येईल, पण पर्यटकांच्या एटीव्हीवर तो सरळ धोका आहे.

मागचा भाग स्टँडवर उचलून मी इंजिन सुरू केले, तेव्हा चाके स्वतःहून फिरत होती आणि प्लगच्या वायरीवर लावलेला टॅकोमीटर (फेरे मोजणारे यंत्र) मिनिटाला २,३०० च्या आसपास फेरे दाखवत होता. खाऱ्या हवेत केबल गंजते, म्हणून आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. फेरे बदलले नाहीत आणि एक्सलरेटरचा लिव्हर सोडताच झटकन परत येत होता, त्यामुळे केबलवरचा संशय फिटला. मग रनिंगचा स्क्रू मागे घेत १,६०० पर्यंत आणले, तर इंजिन आचके देऊन बंद पडले. रेस करून सोडल्यावरही फेरे लगेच उतरत नव्हते, काही क्षण वरच रेंगाळत होते. ही लक्षणे मिळून आली की मी कार्बोरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, हात लावण्याआधी जादा हवा कुठून शिरते ते शोधतो.

सायलेन्सरपासून दूर राहून मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीच्या, रबरावर कार्ब क्लीनरचा (कार्बोरेटर साफ करायच्या द्रवाचा) बारीक फवारा मारला आणि आवाज तत्काळ बदलला. इंजिन बंद करून ते रबर अंगठ्याने वाकवले, तेव्हा खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली. सरळ धरल्यावर ती दिसतही नव्हती. थ्रॉटल (एक्सलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद असताना मॅनिफोल्डमधली ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून अशा चिरेतून शिरलेली हवा रनिंगलाच मिश्रण पातळ करते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. थ्रॉटल उघडल्यावर ओढ कमी होते, चिरेतली हवा किरकोळ ठरते आणि गाडी वाळूवर छान पळते. ‘‘पळायला तर मस्त आहे’’ हे मालकांचे म्हणणे म्हणूनच खोटे नव्हते.

नवे मॅनिफोल्ड बसवल्यावर इंजिन पूर्ण गरम होऊ दिले, कारण थंड असताना आपोआप जादा पेट्रोल देणारा ऑटो-चोक फेरे वाढवून ठेवतो आणि तेव्हा केलेले सेटिंग पुढे टिकत नाही. या कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा स्क्रू, इंजिनाच्या बाजूला असल्याने तो बाहेर घेतला की पेट्रोल वाढते. एअर फिल्टरच्या बाजूला असता, तर तो हवेचा ठरून हिशेब उलटा झाला असता. सर्वाधिक फेरे मिळतील तिथे तो थांबवला, रनिंग १,६०० वर आणले आणि गिअर टाकून पाहिला. चाके स्थिर राहिली.

मालकांचा तरीही आग्रह होता, ‘‘थोडं जास्तच ठेवा हो, गिऱ्हाईक असताना बंद पडायला नको.’’ मी साफ नकार दिला आणि स्क्रूवर रंगाची खूण केली, म्हणजे कोणी फिरवला तर कळेल. बाकीच्या गाड्याही तपासल्या, तेव्हा एकीचे रनिंग योग्य असूनही मागची चाके हळूहळू फिरत होती. तिच्या क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या होत्या. नव्या स्प्रिंगा येईपर्यंत ती गाडी बाहेर काढायची नाही असे सांगून मी तिची चावी मालकांच्या हाती दिली.