लेमॉइन स्टार: मधला उंचवटा अखेर गेला

क्विल्टच्या (गोधडीच्या) आठ टोकी ताऱ्याचे आठही डायमंड, म्हणजे तिरके समभुज तुकडे, मध्यावर नीट जुळलेत आणि तारा टेबलावर सपाट पडलाय! दाबून धरावा लागत नाही, वाफेच्या इस्त्रीने बसवावाही लागत नाही.

मागच्या नोंदीत मध्य वर उठत होता, तेव्हा बहुतेकांनी सुचवलं होतं की उरेब (धाग्याला तिरकी कापलेली) कड ताणली जात असणार, खळ वाढवून बघ. खळ मी कापायच्या आधीच कडक करून घेते आणि डायमंडला ती हवीच. पण बाहेरच्या कडा ताणल्या तर तिथे झालर पडते. मध्य उठतो याचा अर्थ आठ कोनांची बेरीज ३६० अंशांच्या आत राहतेय.

मग अंश जात कुठे होते? तीन इंची पट्ट्यांतून कापलेले डायमंड पुन्हा तपासले, कोन चोख ४५. दोन डायमंडांच्या जोडीवर चौकोनी रूलर ठेवला तेव्हा चोर सापडला: काटकोनाऐवजी ८९. टीप मध्याकडून निघताना कडेपासून पाव इंचावर असायची आणि बाहेरच्या टोकाला पोचेपर्यंत इंचाचा बत्तिसावा भाग आत सरकलेली असायची. एवढ्याशा फरकाने एका सीममागे (दोन तुकड्यांच्या जोडशिवणीमागे) एक अंश जातो. अर्धा तारा १८० ऐवजी १७७ भरतो आणि पूर्ण झाल्यावर आठ अंश कमी. बारा इंची ब्लॉकमध्ये (क्विल्टच्या एका चौकोनात) डायमंडची बाजू साडेतीन इंच, तिथे आठ अंशांची तूट मध्याला जवळजवळ पाऊण इंच उचलते. हिशेब मांडला तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

टीप सरकत होती ती मशीनच्या गाइडवाल्या पाव इंची फूटमुळे, म्हणजे कड टेकवायला बाजूला पत्रा असलेल्या दाबपायामुळे. उरेब कड त्या पत्र्यावर दाबली जाऊन किंचित मुडपते आणि माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) वाढत जाते. चौकोनांना हा फूट उत्तम, ताण्याच्या सरळ धाग्यावर कापलेल्या कडेला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. डायमंडला मात्र तो लावूच नये, असं माझं आता पक्कं मत आहे.

त्याऐवजी रेघेवर शिवलं. १९७९ मध्ये ओल्फा कंपनीचं रोटरी कटर (कापड कापायचं फिरतं पातं) आलं आणि आपण सगळे कडेवर भरवसा ठेवून शिवायला लागलो. त्याआधीचे तारे साचा ठेवून, पेन्सिलची रेघ आखून, त्या रेघेवर शिवलेले असत. मीही कोपऱ्यांवर भोकं असलेला अ‍ॅक्रिलिकचा साचा घेतला, उलट्या बाजूने ठिपके दिले, रेघ ओढली, ठिपक्यातून ठिपक्यात टाचणी घातली आणि पुढून उघड्या फूटने शिवलं. टाका १.८ मिलिमीटर, दोन्ही टोकांना उलट टीप, मायेत एकही टाका नाही. एका भोकाची सुईपट्टीही बसवली, नाहीतर कापड पुढे सरकवणारे मशीनचे दाते डायमंडचं निमुळतं टोक आत ओढतात. पहिली जोडी: ९०. दुसरी: ९०. अर्ध्या ताऱ्याला लांब पट्टी लावली तर कुठेही फट नाही!

ठिपक्यावर थांबल्याचा आणखी एक फायदा झाला. सगळ्या सीम एकाच दिशेला झुकवल्या की उलट्या बाजूला मध्यावरची माया आपोआप पसरते आणि तिथे एक इवलीशी भिंगरी उमटते. जाडी वाटली जाते, इस्त्री सहज फिरते. पाठीमागे अस्तराखाली जाणारी गोष्ट, तरी मी कितीतरी वेळ ती उलटून बघत बसले.

आता वाय सीम, म्हणजे तीन तुकडे एका ठिपक्यावर मिळतात ती इंग्रजी Y सारखी शिवण. सव्वासहा इंची चौकोनाचे कर्णांवर चार त्रिकोण केलेत, म्हणजे ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला सरळ धागा येतो. कोपऱ्यांचे चौकोन चार इंची. दोन त्रिकोण मशीनवर बसवून झाले, ठीक आलेत, पण दर कोपऱ्याला थांबा, कापड काढा, पुन्हा लावा. हे लिहितानाच सुचतंय की रेघा आणि ठिपके आखलेलेच आहेत, तर उरलेले सहा तुकडे हाताने धावदोऱ्याने का बसवू नयेत? ठिपक्यावर एक उलट टाका घेऊन दोरा न तोडता कोपरा वळता येतो. ताऱ्याच्या आठ आणि या दोन त्रिकोणांच्या सीम मशीनच्या, बाकी हाताच्या, असंच करते.

लोन स्टारचे (अनेक छोट्या डायमंडांच्या एकाच मोठ्या ताऱ्याचे) लाल-पिवळे तुकडे कापायला घेणार होते, ते थांबवलंय. त्यात एकेक मोठा डायमंड नऊ छोट्यांचा, म्हणजे आतल्या सीमही कोन बिघडवायला मोकळ्या. त्याला आधी त्या छोट्या डायमंडांच्या मापाचा वेगळा साचा लागेल. नऊ तुकड्यांच्या डायमंडात आतल्या सीमही कोणी रेघेवरच शिवता का, की फक्त बाहेरच्या?