गाडी हलते म्हणजे नेमकं काय करते?

नाशिकहून आजी अजूनही फोनवर विचारते, "तिकडे परदेशात आपल्या भाज्या मिळतात ना गं?" बडोदं तिच्या लेखी परदेशच. तिच्या लहानपणी ते खरोखरच वेगळं संस्थान होतं, १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं. मी तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आले. दांडिया बाजारात पाटीवरचं आडनाव मराठी आणि आतून येणारा आवाज निम्मा गुजराती, हे आता अंगवळणी पडलंय. पण गॅरेजमध्ये उभी राहिले की माझं गुजराती तीन शब्दांत संपतं.

दिवाळीनंतर नाशिकहून परत येताना वणीवरून सापुतारा घाट उतरले. घाटात ब्रेक दाबला की स्टिअरिंग जरासं थरथरायचं. मला वाटलं, रस्ताच तसा असेल. मग हायवेला लागले, भरूचच्या टोलनाक्याआधी वेग कमी करायला गेले, तर हातात रवी धरून ताक घुसळावं तसं स्टिअरिंग हिसके देऊ लागलं. पाय उचलला की सगळं शांत.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला सांगितलं, "गाडी हले छे." तो म्हणाला, "कशो वांधो नथी, बेन." अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून दिलं. साडेचारशे रुपये गेले, थरथर तशीच. त्याची चूक म्हणवत नाही. हलणारी गाडी म्हटल्यावर कोणीही आधी चाकंच बघेल.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात, चौथ्या पिढीचे बडोदेकर. आयुष्य एका वर्कशॉपमध्ये गेलं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "हलते म्हणजे? स्टिअरिंग हलतं का सीट? ब्रेक मारल्यावरच का एमनेम पण? पायाखाली पेडल धडधडतं का?" मला एकाचंही धड उत्तर देता येईना. "मग चाल, बघून येऊ."

पहाटे हालोल रोडला गेलो. ऐंशीच्या वेगात ब्रेकला पाय न लावता गाडी लोण्यासारखी. म्हणजे बॅलन्सिंगचे पैसे वायाच गेले होते. हळू ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरे, आणि वेग उतरत गेला तशी थरथरही संथ होत गेली. काका खूश झाले! ऐंशीच्या वेगात चाक सेकंदाला बाराएक वेळा फिरतं, थरथर त्याच ठेक्यात असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत. मग एका रिकाम्या रस्त्यावर तीसच्या वेगात त्यांनी हँडब्रेक ओढायला लावला, बटण दाबून धरून, अगदी हलक्या हाताने. माझ्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकवर चालतो. काहीच थरथरलं नाही. म्हणजे दोष मागच्या चाकांत नव्हता.

"समोरच्या डिस्क," काका म्हणाले. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबले की ब्रेक लागतो. "अन् हे बघ, करकचून ब्रेक मारल्यावर पेडल कर्रर्र करत पायाला ढकलतं ना, ते एबीएस, चाक घसरू न देणारी यंत्रणा. ते वेगळं. त्याला घाबरायचं नाही."

आता प्रतापनगरच्या बाजूचं, काकांच्या ओळखीतलं गॅरेज. या खेपेला मी वाक्य पाठ करून गेले होते: "ब्रेक मारुं त्यारे स्टिअरिंग ध्रूजे छे, सीट नहीं." मेकॅनिकने मान वर करून बघितलं आणि थेट समोरचं चाक खोललं.

त्याने डिस्कला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र, लावला आणि डिस्क हाताने फिरवली. काटा ०.१२ मिलिमीटर इकडून तिकडे गेला. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग डिस्क उतरवली आणि खरी गोष्ट बाहेर आली. वर्षापूर्वी दुसरीकडे या डिस्क नव्या बसवल्या होत्या, पण हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज कोणी खरवडलाच नव्हता. बोल्टच्या भोकाशेजारी तांबूस पापुद्रा, वहीच्या कागदाएवढा. हबवर कागदाएवढी फट राहिली तर डिस्कच्या कडेला ती जवळजवळ दुप्पट होते. "डिस्क वाकडी नव्हती," काका म्हणाले, "वाकडी बसवली होती."

मग थरथर वर्षाने का आली? तिरकी डिस्क प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला घासत राहते, ब्रेक दाबलेला नसतानासुद्धा. हजारो किलोमीटरनंतर तिथली जाडी बदलते. मग ब्रेक दाबला की जाड-बारीक जागा पॅडला आत-बाहेर ढकलतात आणि ते हातापर्यंत येतं.

हब पॉलिश पेपरने घासून तीच डिस्क परत लावली, तर काटा ०.०३ वर आला. मला वाटलं, सुटलो. पण मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली, तिथे ०.०३ चा फरक निघाला. ऐकायला काहीच नाही, पण थरथरीला तेवढा पुरतो. लेथवर घासून सपाट केली असती तर डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेली असती. म्हणून दोन्ही डिस्क आणि पॅड नवे. एकाच बाजूची डिस्क बदलू का, असं मी विचारलं, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की विषय तिथेच संपला.

नट आवळताना काकांनी हवेची गन बाजूला ठेवून टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, काढायला लावला. समोरासमोरचे नट, गाडीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ८५ न्यूटन-मीटर. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत दहाएकदा वेग उतरवला, पूर्ण न थांबता. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर तिथेच चिकटतो. सापुताऱ्यानंतर मी चहासाठी थांबले होते, ब्रेकवर पाय ठेवून पाच मिनिटं फोनवर बोलत. हे काकांना अजून सांगितलेलं नाही.

परवा नाशिकला जाऊन आले, घाटात स्टिअरिंग गप्प. काकांसाठी चिवडा आणला, तर म्हणतात, बडोद्याचा लीलो चेवडो याच्यापेक्षा बरा. खाऊन मात्र संपवला.

आता मागच्या दारात काहीतरी वाजतंय. काकांना सांगितलं. "वाजतं म्हणजे? खडखडतं, का किरकिरतं, का टकटक करतं?" मी खाली जाऊन दार उघड-बंद करत बसले.