मृग लागला, पेव लावायला घ्यावं

माती खोलवर भिजली आहे. पेवाचे कंद लावायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. ओढ्याकाठी, झाडांच्या आडोशाला आपसूक उगवणारी ही आपल्या मातीतली बहुवर्षायू वनस्पती, आलं-हळदीची नातलग. पानं खोडाभोवती जिन्यासारखी वळत चढतात. केवळ त्यासाठीसुद्धा ती अंगणात असावी.

कंदाचा ८-१० सेंमीचा तुकडा घ्यावा, त्यावर निदान दोन डोळे हवेत. कापल्यावर एक दिवस सावलीत सुकू द्यावा. ओला काप तसाच पुरला की बुरशी तिथूनच शिरते. डोळे वर ठेवून आडवा, ५ सेंमी खोल लावावा. दोन कंदांत ६० सेंमी अंतर हवंच, गड्डा पसरतो. कुंडी १४ इंची, खोल नसली तरी रुंद हवी. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कुजलेला पाला. ओल सतत हवी, पण नव्या कंदाशी पाणी तुंबू देऊ नये.

सकाळचं कोवळं ऊन पुरतं. दुपारच्या उन्हाने पानांच्या कडा करपतात, मग पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी पाणी ओततात. कुंडी फक्त सावलीत सरकवायची असते. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र नुसती खोडं वाढतात, फूल येत नाही.

श्रावणाच्या सुमारास शेंड्याला लालसर कणीस धरतं. त्यातून रोज एखाद-दुसरं मोठं पांढरं फूल उमलतं, एकाच दिवसाचं. फूल गळलं म्हणून कणीस छाटू नये, पुढच्या कळ्या आतच असतात. बहर सरल्यावर खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे ओल्या कोकोपीटमध्ये आडवे, अर्धे बुजवून ठेवले की पेरांतून नवी रोपं फुटतात. बियांपासूनही होतं, पण फार धीर लागतो.

थंडीत पानं पिवळी पडतात, खोड वाळतं. सगळ्यात जास्त पेव इथे मरतात. कुणी रोप गेलं म्हणून कुंडी रिकामी करतं, कुणी वाचवायला रोज पाणी घालतं आणि झोपलेला कंद सडतो. वाळलेलं खोड जमिनीलगत कापावं, पाणी तोडावं, वर पाल्याचा जाड थर द्यावा. कडक उन्हाळ्यात पंधरवड्याने हलकं शिंपण पुरे.

रानातला गड्डा उपटून आणू नये. रोपवाटिकेतून किंवा कुणाच्या जुन्या गड्ड्यातून तुकडा मिळतो. आणि कंदाच्या जागी काठी रोवून ठेवावी, नाहीतर वैशाखात खुरपं नेमकं डोळ्यावरच बसतं.