फोन, वळण आणि भीड

काल मालगुंडहून परतल्यापासून मी कोणाशी फारसे बोललेले नाही. आज दुपारी वहिनींनी "अजून रागावलाच आहात का?" असे विचारले, तेव्हा लक्षात आले की घरातल्या सर्वांच्या दृष्टीने कालच्या प्रकारात रागावलेली व्यक्ती मी आहे. खरे तर मी घाबरले होते, आणि घाबरल्याचे बोलून दाखवल्याबद्दल मलाच ओशाळे का वाटावे, हे समजून घेण्यासाठी लिहायला बसले आहे.

घडले ते एवढेच. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढ चढून गाडी माथ्यावर आली आणि ती चालवणाऱ्या प्रसादचा, माझ्या भाच्याचा, फोन वाजला. खाली रेंज धड मिळत नाही, ती माथ्यावर येते, त्यामुळे अडून राहिलेले फोन नेमके समुद्रावरच्या त्या वळणाशी वाजू लागतात. त्याने डाव्या हाताने फोन उचलला, "गाडी चालवतोय, बोल" असे म्हणाला, आणि गिअर बदलायची वेळ आली तेव्हा तो कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला. मान अशी तिरकी झाल्यावर उजव्या आरशाकडे पाहणे त्याला जमत नव्हते, हे मला मागच्या सीटवरून स्पष्ट दिसत होते. समोरून मासळीचा टेम्पो आला आणि नीट बाजूने गेलाही. मी म्हटले, "प्रसाद, फोन ठेव बघू आधी." वहिनी म्हणाल्या, "वन्सं, हा रस्ता त्याच्या रोजचा आहे." त्यानंतर मालगुंडपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. पंगतीत मात्र विषय निघाला, आत्याला गाडीत घ्यायचे तर आधी देवाला गाऱ्हाणे घालून निघावे लागेल असे कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले. मला पुढचा घास उतरेना.

रात्री बराच वेळ वाटत राहिले की एका वयानंतर आपले बोलणे घरात नुसते ऐकून घेतले जाते. हे जुने दुखणे आहे, त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. हाच प्रसाद दारूचा घोट घेतलेल्या माणसाला गाडीला हात लावू देत नाही. मागे लग्नात त्याने स्वतःच्या मामांकडून किल्ली काढून घेतली होती, आणि त्याबद्दल सर्वांनी त्याचे कौतुकच केले. तेव्हा कोणाला भीड वाटली नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीच माणसे एकदा फोनवर बोलताना आणि एकदा मद्य घेतल्यानंतर गाडीच्या सिम्युलेटरवर बसवली होती. फोनवर बोलणाऱ्यांचे ब्रेक उशिरा लागत होते, आणि एकूण पाहता त्यांचे चालवणे मद्य घेतलेल्यांइतकेच बिघडलेले होते. तिथे मद्याचे प्रमाण १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम होते, आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ज्या अवस्थेत प्रसादने मामांना चाकाशी बसू दिले नसते, तशाच अवस्थेत तो काल आम्हा सर्वांना घेऊन वळण घेत होता, आणि किल्ली मागण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. दारूचा वास येतो, पाय लडखडतात. फोनवर बोलणारा माणूस मात्र अगदी शुद्धीवर दिसतो. आपली भीड तिथेच अडते की काय, कोण जाणे.

आज त्याचा निरोप आला की तो आता ब्लूटूथ बसवून घेणार आहे, म्हणजे आत्याची तक्रार मिटेल. त्याने मनावर घेतले याचे मला बरे वाटले, तरी तक्रार मिटत नाही. त्याच प्रयोगात हात मोकळे ठेवून बोलणारेही तितकेच उशिरा सावध होत होते, कारण लक्ष बोलण्यात गुंतते, हात कुठेही असोत. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे वेगळे असते. समोरून एसटी येताना दिसली की गाडीतली गप्पा मारणारी माणसे आपोआप वाक्य अर्धे सोडतात आणि ती गेली की पुढे सुरू करतात. फोनपलीकडच्या माणसाला एसटी दिसत नाही, तो धंद्यातल्या दराबद्दल विचारतच राहतो. चालकाशी बोलू नये, ही एसटीतली सूचना वाचत आम्ही सगळे मोठे झालो आहोत.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते, आणि पहिल्या गुन्ह्यालाच १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. रस्ता पाहण्यापुरता फोन वापरायला मात्र २०२० पासून मुभा आहे. हे प्रसादला ठाऊक आहे, आणि आरे-वारेच्या वळणावर हवालदार नसतो हेही ठाऊक आहे.

त्याच्या बाजूनेही विचार करून पाहिला. थांबायचे तर कुठे? आमच्याकडचे बरेच रस्ते दोन्ही अंगांनी जांभ्याच्या गडग्यांत, म्हणजे दगडी कुंपणांत, कोंडलेले, कडेला गटार, पावसाळ्यात त्यावर गवत माजलेले, की गटार कुठे सुरू होते ते दिसत नाही. गाडी बाजूला घेणे हा सल्ला हमरस्त्यावर ठीक आहे. इथे ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते, आणि फोन कोणाचा हे बघण्यात दोन सेकंद गेले तर तेवढ्यात वळण संपून पुढचे सुरू झालेले असते. म्हणजे या रस्त्यावर करण्यासारखी गोष्ट एकच उरते, फोन वाजू देणे. आणि तीच माणसाला सर्वांत जड जाते, कारण पलीकडचा नंतर विचारणार, "उचलला का नाहीस?"

हे विचारणारे परके नसतात, हे आज लिहिता लिहिता मला दिसले. गणपतीला मुंबईची मंडळी रात्री निघाली की अण्णा झोपत नाहीत. पोलादपूर आले का, कशेडी ओलांडली का, परशुराम उतरलात का, असे फोन पहाटेपर्यंत चालू असतात. त्यांचा जीव तिकडे असतो, पण तो फोन घाटातच वाजतो. प्रसादलाही काल फोन करणारा त्याच्या काळजीनेच करत असेल. धंद्याची काळजी हीसुद्धा घरचीच काळजी आहे. मग माझा सगळा राग एकट्या त्याच्यावर का, असे वाटून मन बरेच निवळले. गाडीत पुन्हा असे झाले तर मी पुन्हा बोलेन, आणि पंगतीत हसतील तर हसू दे. भित्री आत्या म्हणवून घेण्यात फारसे काही जात नाही, हे मला एका रात्रीत पटले आहे.

संध्याकाळी अण्णांशी बोलून घेतले. या वर्षी इथून कोणी फोन करायचा नाही, मंडळींनीच महाडला चहाला आणि चिपळूणला थांबतील तेव्हा कळवायचे. "आणि त्यांनी नाही केला तर?" त्यांनी विचारले. वाट बघू, असे मी म्हटले. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग वहिनींना सांगून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर निघण्याची वेळ लिहून घेतली.