६६ झाले, म्हणजे ठाणे महापालिका हातात आली?

ठाणे महापालिकेत १३१ नगरसेवक, बहुमत ६६. निकालाच्या संध्याकाळी ६६ झाले की गुलाल उडतो. पण आपल्या नाल्यांचे, रस्त्यांचे, पाण्याचे पैसे जिथे मंजूर होतात तिथलं गणित वेगळं आहे आणि ते मतदारांना कळायलाच हवं.

पालिकेत मंत्रिमंडळ नसतं. महापौर अडीच वर्षांसाठी, तोही सभा चालवण्यापुरता. कारभार शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे. नगरसेवकांची खरी ताकद १६ जणांच्या स्थायी समितीत, कारण मोठी कंत्राटं तिथे मंजूर होतात आणि आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी तिच्यासमोर येतं. या १६ जागा पक्षांना आणि आघाड्यांना तौलनिक संख्याबळाने मिळतात: गटाचे सदस्य गुणिले १६, भागिले १३१. आधी पूर्णांक वाटायचे, उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकाला.

समजा गट आहेत ६६, ३३, २० आणि १२ चे. हिशोब येतो ८.०६, ४.०३, २.४४, १.४७. पूर्णांकांनी १५ जागा जातात, सोळावी १२ वाल्यांना. म्हणजे सभागृहात स्पष्ट बहुमत असलेला पक्ष स्थायीत ८ विरुद्ध ८ वर अडकला! समितीचा सभापती कुणाचा, ते मग चिठ्ठी टाकून ठरणार.

आता त्या १२ मधले ४ अपक्ष पहिल्यापासूनच ६६ वाल्यांसोबत नोंदले असते तर? ७० चे ८.५५, ८ चे ०.९८. वाटप ९, ४, २, १. चार सह्यांनी स्थायी समिती फिरली.

म्हणूनच निकालानंतर सगळ्यांची धाव बेलापूरच्या कोकण भवनात. गटनोंदणी कोकण विभागीय आयुक्तांकडे होते. निवडून आल्यावर आघाडी करायची तर निकालाच्या अधिसूचनेपासून एक महिना मिळतो, पुढे नाही. गटनेत्याच्या निवडीचा ठराव, आघाडीची घटना, सगळ्यांच्या सह्या हे सगळं आधीच तयार पाहिजे. महापौरपदाच्या धामधुमीत हे मागे पडतं आणि इथेच घात होतो. एकदा नोंद झाली की अपक्षालाही पक्षांतरबंदी लागू, गटनेत्याचा पक्षादेश (व्हिप) पाळावाच लागतो.

स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या सदस्यांवर कुणी भिस्त ठेवू नये, त्यांना मत नाही.

बहुमत टिकवणंही सोपं नाही. स्थायीतले निम्मे, म्हणजे ८ सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोण जाणार ते चिठ्ठीने ठरतं. सभापतीही दरवर्षी नवा निवडायचा.

आणि आयुक्तांशी बिनसलं तर? त्यांना परत पाठवायला एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतं लागतात, ठाण्यात ८२. नवी मुंबईत १११ पैकी ७०. निव्वळ बहुमत इथे पुरत नाही. शिवाय महासभेने, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेने केलेला ठराव महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासन निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं, मग तो ६६ मतांनी झालेला असो की १३१.