कानापुढचा घाम

रविवार, रात्र

किती दिवसांपासून दिसत असेल सगळ्यांना? सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये.

मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलो होतो. मी लिंबू पिळलं, दोन घास खाल्ले आणि चिनूने विचारलं, "आत्या, तुला एकाच गालाला घाम का येतो गं?" वहिनीने डोळे वटारले. "विचारायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

चिनूच्या प्रश्नाचं मला काहीच वाटलं नाही. पण "सांगितलं होतं"? म्हणजे घरी बोलणं झालेलं. म्हणजे दादालाही माहीत. काकांच्या पंचाहत्तरीला पंगतीत मी एवढी हसत-बोलत होते, तेव्हाही सगळे बघत होते आणि कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, केस पुढे घेतले की झाकलं जातं.

ऑपरेशन करून कानापुढची गाठ काढली, तिथली कातडी अजून बधिर आहे. कानाची पाळीसुद्धा. घाम ओघळून मानेवर आला की मगच मला कळतं. तोवर समोरच्याचं बघून झालेलं असतं.

"साधी गाठ, सुटलीस बाई," असं किती जणींनी म्हटलं. होती साधीच. प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा, लाळेच्या ग्रंथींत सगळ्यात जास्त आढळणारी गाठ, कॅन्सर नव्हे. पण ठेवली तर वाढत राहते आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली तर कधीकधी बिघडतेही. नुसती गाठ सोलून काढली तर पेशी मागे राहून पुन्हा उगवते, म्हणून भोवतालच्या ग्रंथीसकट काढायची. आणि चेहरा हलवणारी नस नेमकी त्या ग्रंथीतूनच, म्हणजे कानापुढच्या पॅरोटिड नावाच्या लाळेच्या ग्रंथीतूनच जाते, आत तिच्या फांद्या फुटतात. माझी सगळी भीती त्या नसेपाशी अडकली होती. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले, गाल फुगवायला लावले. सगळं जमलं. आई तिथेच रडायला लागली. त्या आनंदात घामाचं कोण लक्षात ठेवतंय! डॉक्टरांनी तेही आधी सांगितलं होतं.



होतं ते असं. लाळ सोडायचा हुकूम घेऊन जाणारे बारीक तंतू ऑपरेशनमध्ये तुटतात. काही महिन्यांनी ते पुन्हा वाढतात, पण त्यांची ग्रंथी आता जागेवर नसते. मग ते कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जोडले जातात. लिंबू, चिंच, आवळा, काहीही आंबट तोंडात गेलं की हुकूम सुटतो लाळेचा आणि भिजतो गाल.

दुपारी दार लावून थोडं रडले. उन्हाळाभर कैरी खायचीच नाही, कुणाकडे जेवायला जायचं नाही, असंही ठरवून टाकलं.

संध्याकाळी पुन्हा वाचत बसले. याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. लुत्सिया फ्रे ही पोलंडची मेंदूविकारतज्ज्ञ. जबड्यापाशी गोळी लागलेल्या एका सैनिकाला जेवताना गालावर घाम यायचा. त्यामागे मज्जातंतू आहेत हे तिने 1923 मध्ये मांडलं. ती ज्यू होती. 1942 मध्ये ल्वूव शहरातल्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, तिचा अंत झाला. हे वाचून बराच वेळ काही वाचवेना. त्या सैनिकाला तिने किती बारकाईने विचारलं असेल: कधी येतो, काय खाल्ल्यावर येतो, किती जागेत येतो. त्याला बरं वाटलं असेल का, कुणीतरी सरळ विचारलं म्हणून?

मला चिनूचा राग आलाच नव्हता, हे तेव्हा कळलं. राग गप्प बसण्याचा होता. वहिनीने माझ्या काळजीपोटीच सांगितलं असणार, पण त्याने मी जास्त एकटी पडले. उद्या फोन करून तिला सांगणार आहे, विचारू दे पोरीला. मीच दाखवीन. आयोडीन लावून वर स्टार्चची पूड टाकली की घामाची जागा काळीनिळी होते. चिनूला आवडेल ते.

बोटॉक्सच्या इंजेक्शनने घाम थांबतो, पण काही महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. सध्या नको. रुमाल आहे. कैरीही खाणार. सोनोग्राफी मात्र चुकवायची नाही, कारण ही गाठ खूप वर्षांनीही परत येऊ शकते. मंगळवारी कॉलेज रोडला जायचंच आहे, तेव्हा तारीख घेऊन येते.